बोकडाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस स्लाइडवर आणताय? या चुका टाळा

एम.एस्सी.ची एक मुलगी स्लाइड घेऊन जवळजवळ धावतच आली. "मॅडम, सीए१मधल्या पेशी मेल्यात. बघा ना, कशा काळ्या पडल्यात."

मी बघितलं. सीए१ हा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागाचा, एक विभाग. तिथल्या पिरॅमिडल (त्रिकोणी) पेशींच्या रांगेत मधूनमधून गडद जांभळ्या, आक्रसलेल्या पेशी होत्या. त्यांच्या टोकाचा डेन्ड्राइट, म्हणजे पेशीची फांदी, बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखा पिळवटलेला. शेजारच्या पेशी मात्र ठणठणीत, केंद्रक फिकट आणि गोल, मधला ठिपका स्पष्ट. मुलीचा सिद्धांत तयार होता: कापण्याआधी बोकड घाबरला, ताण आला, हिप्पोकॅम्पसला इजा झाली. प्रोजेक्टचं शीर्षकसुद्धा तिने मनात ठरवलं होतं.

मी विचारलं, "भेजा कवटीतून कोणी काढला?"

"खाटीकदादांनी."

"कसा?"

तिने अंगठा वाकवून हवेत उकरून दाखवलं. तिथेच प्रोजेक्ट संपला.

आमच्याकडे मेंदूच्या सूक्ष्मरचनेचं प्रॅक्टिकल बोकडाच्या भेज्यावर चालतं. उंदीर वापरायचा तर प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागते, ती योग्यच आहे. भेजा मात्र जुन्या नाशकातल्या मटणाच्या दुकानात सकाळी सातला मिळतो. अडचण एवढीच की तो दुकानात खाण्यासाठी काढलेला असतो. स्लाइडवर दिसणारे निम्मे 'रोग' त्या दुकानापासून आमच्या बरणीपर्यंतच्या रस्त्यावर झालेले असतात. म्हणून माझी सवय अशी की स्लाइडवर काही विचित्र दिसलं तर आधी बोकडाला सोडून द्यायचं आणि आपल्या हातांची झडती घ्यायची.

काळ्या पेशी आणि मेलेल्या पेशी

त्या काळ्या पिळलेल्या पेशींना 'डार्क न्यूरॉन' म्हणतात (न्यूरॉन म्हणजे चेतापेशी). फिक्स न झालेला, म्हणजे फॉर्मॅलिनने घट्ट न केलेला मेंदू दाबला, ओढला, बोटाने उकरला की त्या तयार होतात. मेंदू अजून मऊ आणि कोमट असतो, पेशीला धक्का बसतो, ती आक्रसते आणि त्याच अवस्थेत फॉर्मॅलिनमध्ये गोठते. ऑक्सिजन तुटून खरोखर मेलेली पेशी वेगळी दिसते. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगजोडीत तिचा देह लालसर होतो, केंद्रक आकसून एकसंध गडद होतं. पण असा बदल दिसायला इजेनंतर जनावर काही तास जिवंत राहावं लागतं. दुकानातल्या बोकडाला तेवढा वेळ मिळतच नाही. त्यामुळे त्याच्या सीए१मध्ये 'ताणाने मेलेल्या पेशी' शोधणं म्हणजे सकाळी पेरून दुपारी कणीस शोधणं.

गोंधळ होतो त्यालाही कारण आहे. ऑक्सिजन कमी पडल्यावर मेंदूत सगळ्यात आधी ज्या पेशी बळी पडतात, त्यांत सीए१च्या पेशी खरंच आहेत. पुस्तकात हे वाचलेलं असतं आणि डोळे तेच शोधत बसतात.

उपाय साधा, पण दुकानात बोलून ठेवावा लागतो. आमचा संवाद ठरलेला आहे.

"मॅडम, भेजा अख्खा हवा का?"

"अख्खा नको दादा, कवटी वरून उघडून द्या, भेजा आतच राहू दे. आणि पाण्यात बुडवू नका."

"धुवायचा पण नाही?"

"नाही. मी खाणार नाहीये."

दुकानदार रक्त काढायला भेजा नळाखाली धरतात, त्यात त्यांची काही चूक नाही. पण साध्या पाण्यात वरच्या थरातल्या पेशी पाणी ओढून फुगतात आणि स्लाइडवर फुगेच फुगे दिसतात. मी बादलीत फॉर्मॅलिन घेऊन जाते, मेंदूवरच्या जाड आवरणाला चीर देते आणि कवटीसकट तसंच बुडवते. काही तासांनी पृष्ठभाग घट्ट झाला की मगच मेंदू बाहेर काढायचा. नंतर धारदार पात्याने अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करून ताज्या फॉर्मॅलिनमध्ये. हा शेवटचा भाग टाळायचा मोह होतो, कारण अख्खा मेंदू बरणीत छान दिसतो. तो मोह महागात पडतो. का, ते पुढे.

आणि कृपा करून फ्रीजर नको. रविवारी कॉलेज बंद म्हणून एकाने भेजा घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला होता. त्याच्या आईने काय ऐकवलं ते तो सांगत नाही, पण स्लाइड मी पाहिली. बर्फाच्या स्फटिकांनी जाळीदार अनारसा करून ठेवला होता.

फॉर्मॅलिनचं गणित

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक इथे आहे आणि ती पाचवीच्या गणितातली आहे. बाटलीतलं फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं ३७ ते ४० टक्क्यांचं द्रावण. आपल्याला हवं असतं '१० टक्के फॉर्मॅलिन', म्हणजे बाटलीतलं १०० मिली आणि पाणी ९०० मिली. त्यात फॉर्माल्डिहाइड निघतं जेमतेम ४ टक्के. आता मुलं कुठेतरी वाचतात '४ टक्के फॉर्माल्डिहाइड' आणि बाटलीतलं ४ मिली घेऊन १०० करतात. हातात येतं दीड टक्का. मेंदू वरून पांढरा होतो, आतून गुलाबी राहतो आणि आठवड्याने चिरला की वास येतो.

थंडीत यात आणखी भर पडते. निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की आमच्या बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ बसतो. फॉर्माल्डिहाइडच्या साखळ्या बनून ते घन होतं. वरचं पाणी ओतून घेतलं तर नक्की किती टक्क्यांचं ओतलं हे सांगता येत नाही. बाटली उबदार जागी ठेवा आणि गाळ बसलेली बाटली महत्त्वाच्या कामाला घेऊ नका.

साधं पाणी घातलेलं फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं. आम्ल फॉर्मॅलिन रक्तातल्या हिमोग्लोबिनला भेटलं की तपकिरी-काळे कण तयार होतात. दुकानातल्या मेंदूतून रक्त धुऊन काढलेलं नसतं, रक्तवाहिन्या भरलेल्या असतात, म्हणून आपल्याकडे हा त्रास जास्त. दरवर्षी कोणीतरी या कणांना 'रंगद्रव्य असलेल्या पेशी' म्हणून वहीत काढतं. ओळखायची खूण म्हणजे हे कण रक्तवाहिनीच्या आसपास असतात, पेशीच्या हद्दीचं त्यांना सोयरसुतक नसतं आणि ध्रुवीकृत प्रकाशात ते चमकतात. आलेच तर पिक्रिक आम्लाच्या संपृक्त अल्कोहोली द्रावणाने काढता येतात. मुळात येऊच नयेत म्हणून दर लिटरला ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) घाला. द्रावण उदासीन राहतं. खर्च चहाच्या कपाएवढासुद्धा नाही.

आता चकत्यांचं कारण. 'फॉर्मॅलिन तासाला १ मिलिमीटर आत जातं' हे वाक्य प्रत्येकाला पाठ असतं. ते फार तर पहिल्या तासाला लागू. जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९४१ साली दाखवलं की फिक्सेटिव्हचा (फिक्स करणाऱ्या द्रावणाचा) प्रवास वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतो. दुप्पट खोल जायला चौपट वेळ, तिप्पट खोल जायला नऊपट. बोकडाचा मेंदू मुठीएवढा असतो आणि हिप्पोकॅम्पस त्याच्या पोटात. फॉर्मॅलिन तिथे पोचेपर्यंत पेशींनी स्वतःला पचवायला सुरुवात केलेली असते. द्रावण मेंदूच्या दहा ते वीसपट हवं. लोणच्याच्या बरणीत कोंबलेला भेजा हे लोणचंच होतं.

भलतंच कापलं

फिक्सिंग उत्तम झालं, सेक्शन (मेणात बसवलेल्या मेंदूचे पातळ काप) सुरेख आले, रंग झकास चढला आणि तासभर शोधूनही हिप्पोकॅम्पस सापडेना. असं झालं की मी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला मेंदूचा तुकडा, मागवते. बहुतेक वेळा ब्लॉकमध्ये कॉडेट हा शेजारचा दुसराच भाग असतो.

पाठ्यपुस्तकातली चित्रं माणसाची. माणसात हिप्पोकॅम्पस कानाजवळच्या टेम्पोरल भागात, खाली असतो. बोकडात तो पाठीमागून कमान टाकत वरून खाली उतरतो. थॅलॅमसला (मेंदूच्या मध्यातल्या गाठीला) मागून मिठी मारल्यासारखा. शोधायची खात्रीची वाट वरून आहे. गोलार्धाचा वरचा भाग चकतीसारखा उतरवत न्या आणि बाजूचं व्हेंट्रिकल (मेंदूतली पोकळी) उघडा. तळाशी दोन फुगवटे दिसतील. पुढचा राखाडी, तो कॉडेट. मागचा पांढराशुभ्र, गुळगुळीत, वळत खाली जाणारा, तो हिप्पोकॅम्पस. पांढरा दिसतो कारण त्याच्यावर अल्व्हियस नावाच्या तंतूंची चादर असते. दोघांच्या मध्ये कोरॉइड प्लेक्सस लालसर गुंतवळासारखं पडलेलं असतं. मुलं 'करडा भाग म्हणजे पेशी' या हिशेबाने पुढचा फुगवटा उचलतात. पांढरा उचला.

उचलल्यावर चिरायची दिशा महत्त्वाची. हिप्पोकॅम्पस वाकडा असल्यामुळे मेंदूला आडवं चिरलं म्हणजे त्यालाही आडवं चिरलं असं होत नाही. त्याच्या स्वतःच्या लांबीला काटकोनात पातं चालवा. केळं वाकडं असलं तरी गोल चकत्या कशा काढतो, तसंच. बरोबर चिरलं तर नुसत्या डोळ्यांनी स्लाइड उजेडात धरली तरी आकार दिसतो: एकमेकींत अडकवलेल्या दोन कोयऱ्या. आमच्या येवल्याच्या पैठणीच्या पदरावर बघितल्या असतील तशाच, फक्त एकीचं टोक दुसरीच्या पोटात शिरलेलं. एक कोयरी अमॉनचं शिंग, म्हणजे सीए१ ते सीए३. दुसरी डेंटेट गायरस. तिरकं चिरलं तर पेशींची रांग पसरट होते आणि मग 'इथे पेशींचे पाच-सहा थर वाढलेत' असे शोध लागतात.

थर ओळखताना

व्हेंट्रिकलकडून आत मोजत चला: अल्व्हियस, ओरिएन्स, पिरॅमिडल पेशींची रांग, रेडिएटम, लॅक्युनोसम-मॉलेक्युलर. मग फट. फटीपलीकडे डेंटेटचा मॉलेक्युलर थर, ग्रॅन्युल पेशींची दाट पट्टी आणि आत हायलस. दिशा न ठरवता थेट ४०एक्सच्या (चाळीसपट मोठं दाखवणाऱ्या) भिंगावर उडी मारणारा हमखास चुकतो. आधी ४एक्सवर अख्ख्या कोयऱ्या बघा, वहीत बोटभर चित्र काढा, मग वर चढा.

रेडिएटममध्ये जांभळं काही दिसत नाही म्हणून 'रंग चढला नाही' अशी तक्रार येते. निस्लचा रंग (आमच्याकडे क्रेसिल व्हायोलेट) पेशीतल्या आरएनएला, म्हणजे पेशीच्या देहातल्या खडबडीत अंतर्द्रव्य-जालिकेला आणि रायबोसोमला धरतो. रेडिएटम हा मुख्यतः डेन्ड्राइट आणि तंतूंचा मुलूख, तिथे फिकटच दिसणार. मधले सुटे ठिपके ग्लियाचे (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशींचे) किंवा तुरळक इंटरन्यूरॉनचे (दोन न्यूरॉनमधल्या दुव्याच्या पेशींचे).

डेंटेटच्या ग्रॅन्युल पेशी लहान, गोल, खेटून बसलेल्या. त्यांना 'ग्लियाचा थर' किंवा 'लिम्फोसाइट जमलेत' म्हणणं ही जुनी चूक आहे. त्या चांगल्या कसलेल्या न्यूरॉन आहेत. त्यांचे मॉसी तंतू (या पेशींचे लांब धागे) सीए३पर्यंत जातात आणि तिथल्या पिरॅमिडल रांगेलगत फिकट पट्टा तयार होतो, स्ट्रेटम ल्युसिडम. सीए३ ओळखायला तो पट्टा धरा. राहिला सीए२. मेंदूशास्त्रज्ञ लोरेन्ते दे नो यांनी १९३४मध्ये ही विभागणी केली, तेव्हा मोठ्या पेशी असूनही मॉसी तंतू नसलेला तुकडा त्यांनी सीए२ म्हणून वेगळा काढला. साध्या निस्ल स्लाइडवर त्याची हद्द छातीठोकपणे आखू नका. परीक्षक विचारतीलच, आणि तुमच्याकडे बोट दाखवण्याशिवाय पुरावा नसेल.

उंदराच्या सीए१ची रांग घट्ट असते, माणसाची रुंद आणि विरळ. त्यामुळे इंटरनेटवरचं उंदराचं चित्र शेजारी ठेवून आपल्या बोकडात 'पेशी कमी झाल्यात' असं लिहू नये.

पेशीभोवती पांढरी रिकामी कडा दिसते ती सूज वगैरे काही नव्हे. अल्कोहोल आणि मेणाच्या प्रवासात ऊती आकुंचन पावते. रेषीय माप २० टक्के घटलं तर आकारमान जवळपास निम्म्यावर येतं, ०.८ × ०.८ × ०.८ करून बघा. म्हणून स्लाइडवर मोजलेला पेशीचा व्यास जिवंत पेशीचा म्हणून लिहू नका.

पाऊस, ऊन आणि अल्कोहोल

इथेनॉलला एक्साइजचा परवाना लागतो म्हणून आमच्यासारख्या बऱ्याच लॅब आयसोप्रोपिलवर चालतात. चालतं. पण जून ते सप्टेंबर झाकण उघडं राहिलं की ते हवेतलं पाणी पितं. मग स्लाइड झायलीनमध्ये (अल्कोहोलनंतरच्या द्रावकात) टाकली की दुधाळ होते, डीपीएक्सखाली (काच चिकटवायच्या पारदर्शक डिंकाखाली) धुकं अडकतं आणि सगळे रंगाला शिव्या देतात. शेवटच्या बरणीतलं थोडं अल्कोहोल निर्जल मोरचुदाच्या पांढऱ्या भुकटीवर टाका. निळं झालं तर पाणी आहे, बदला.

एप्रिल-मेमध्ये उलटं. खोलीत ३८ अंश असताना ५८ अंशांचं मेणही मऊ पडतं, सेक्शन चुरगळतात. ब्लॉक दहा मिनिटं बर्फावर ठेवा आणि सकाळी लवकर कापा. सेक्शन पसरायचं पाणी ४२ ते ४५ अंश. जास्त गरम झालं तर मेंदूचा सेक्शन पाण्यावर फाटून विखुरतो, कारण त्यात बांधून ठेवणारे तंतू फारसे नसतात. झायलीनमध्ये रात्रभर ठेवलेला मेंदू कुरमुऱ्यासारखा होतो, हेही लक्षात असू द्या.

क्रेसिल मागितलं, क्रिस्टल आलं

हे दरवर्षी घडतं. फोनवर 'क्रेसिल व्हायोलेट' सांगितलं, दुकानातून 'क्रिस्टल व्हायोलेट' आलं. दुसरं ग्राम स्टेनचं आहे, जिवाणूंचं. दोन्ही जांभळे, दोन्ही चढतात, पण क्रिस्टलने सगळा सेक्शन सपाट जांभळा होतो आणि निस्लचे कण उठून दिसत नाहीत. लिहूनच द्या, आणि बाटली आली की लेबल वाचा.

क्रेसिल व्हायोलेट ०.१ टक्का, थोडं अ‍ॅसेटिक आम्ल घालून, गाळून. न गाळता वापरलं तर रंगाचे स्फटिक सेक्शनवर सुईसारखे पडतात. नंतर ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जादा रंग उतरवायचा. इथे घड्याळाचं ऐकू नका, विशेषतः आयसोप्रोपिल वापरत असाल तर पुस्तकातल्या वेळा जुळत नाहीत. स्लाइड काढा, ओलीच ४एक्सखाली बघा, पार्श्वभूमी जवळपास स्वच्छ आणि पेशी ठसठशीत झाल्या की थांबा. एकदा पूर्ण उतरला तर परत रंगवता येतं, त्यामुळे घाबरून अर्ध्यावर सोडू नका.

गोल्जीची गंमत

कामिलो गोल्जी यांनी १८७३मध्ये चंदेरी-काळ्या रंगाची पद्धत मांडली, पुढे कॉक्सने १८९१मध्ये पारा घालून ती बदलली. आम्ही गोल्जी-कॉक्स करतो. पहिली तक्रार ठरलेली: "मॅडम, फक्त चार-पाच पेशी आल्यात." तेच तर हवंय! ही पद्धत शेकड्यात मोजक्या पेशी रंगवते, पण रंगवली ती पूर्ण, डेन्ड्राइटवरच्या बारीक काट्यांसकट. सगळ्या रंगल्या असत्या तर काळा ठोकळा दिसला असता. याच मोजक्या पेशींच्या जोरावर स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन इ काहालने सांगितलं की प्रत्येक न्यूरॉन सुटा आहे. गोल्जी स्वतः मात्र जाळ्याच्या सिद्धांतावर (सगळे न्यूरॉन एकमेकांत जोडलेले आहेत, यावर) अडून राहिला आणि १९०६चं नोबेल दोघांना एकत्र घ्यावं लागलं.

सेक्शन १०० ते २०० मायक्रॉन जाड ठेवा. ८ मायक्रॉनवर कापलं तर डेन्ड्राइटचे तुकडे होतात आणि मुलं 'फांद्या कमी झाल्या' असं लिहितात. द्रावण अंधारात ठेवायचं, धातूचा चिमटा घालायचा नाही, मर्क्युरिक क्लोराइड तो खातं. वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. पारा आणि क्रोमियम दोन्ही विषारी आहेत आणि आपल्या बेसिनचं पाणी शेवटी गोदेकडेच जातं. वेगळी कॅन ठेवा, घातक कचऱ्यात द्या.

मोजणी

एका सेक्शनमध्ये १२० केंद्रकं दिसली म्हणून तिथे १२० पेशी आहेत असं नाही. पातं केंद्रकाच्या मधून जातं तेव्हा एकच केंद्रक दोन सेक्शनमध्ये मोजलं जातं. अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी १९४६मध्ये दिलेली दुरुस्ती सोपी आहे: मोजलेली संख्या गुणिले सेक्शनची जाडी, भागिले जाडी अधिक केंद्रकाचा व्यास. जाडी ८ मायक्रॉन, व्यासही ८ धरला तर १२०चे ६० होतात. व्यास १२ असेल तर ४८. म्हणजे लहान ग्रॅन्युल पेशी आणि मोठ्या पिरॅमिडल पेशी यांचं कच्च्या मोजणीवरून काढलेलं गुणोत्तर मुळातच वाकडं. प्रबंधासाठी काम असेल तर डायसेक्टर (लागोपाठचे दोन सेक्शन ताडून मोजायची) पद्धत शिका, वर्गातल्या प्रॅक्टिकलला हे सूत्र पुरतं.

जाता जाता: ४०एक्सला फोकस येत नसेल तर मायक्रोस्कोप दुरुस्तीला पाठवण्याआधी स्लाइड उलटी तर नाही ना, ते बघा. दहापैकी आठ वेळा हेच असतं.

आणि नावं पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, मार्करची झायलीनमध्ये. माझ्या कपाटात सीए३ची एक स्लाइड आहे, ल्युसिडमचा पट्टा असा लखलखीत की बघत राहावं. कोपऱ्यावर निळसर डाग आहे, तिथे कधीतरी काहीतरी लिहिलेलं होतं. ती कोणत्या वर्षाची, कोणत्या बाजूची, कोणत्या बोकडाची, मला सांगता येत नाही, म्हणून ती फक्त पाहुण्यांना दाखवते.